‘उघडच आहे’ म्हणायला बंदी

कतारमधल्या मेसईदच्या कंपनी कॉलनीत करमणूक अशी काही नव्हतीच. दोह्याला जाणारी बस चुकली की अख्खा शुक्रवार अंगावर यायचा. अशा जागी किस्से साठत जातात, फ्रीजमागं धूळ साठते तसे. कुणी मुद्दाम आणत नाही आणि कुणी काढतही नाही. परवा आमचा जुना पानसरे बऱ्याच वर्षांनी भेटला, तर दीड तास आम्ही दुसरं काही बोललोच नाही. फक्त शुक्रवारचा वर्ग!

वर्ग कसला? तर गणिताचा. आकडेमोडीचा नव्हे हं, प्रूफचा. म्हणजे अमुक एक गोष्ट खरी आहे हे सगळ्यांना माहीत असताना ती खरी का आहे, हे पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. वाळवंटात राहणाऱ्या माणसांना हे कुठून सुचलं, असं तुम्ही विचाराल. तर त्याला कारण शाहिदा.

शाहिदा म्हणजे आमच्या स्टोअरमधल्या मुकादमची बायको. मुकादम हे आडनाव हं, हुद्दा नव्हे. माणसं खेडची. गणित घेऊन बी.एस्सी.ला बसली, शेवटच्या वर्षाचे सगळे पेपर सुटले, पण रिअल ॲनालिसिसचा एक पेपर दोनदा राहिला. मग लग्न झालं आणि ती मेसईदला आली. तिकडे युनिव्हर्सिटीनं कळवलं की जुना अभ्यासक्रम बंद होतोय, जुन्या मुलांना आता एकच संधी. हुकली तर तीन वर्षांचं शिक्षण खलास! पुन्हा पहिल्या वर्षापासून.

नेमके तेव्हाच माझ्या शेजारच्या खिऱ्यांचे वडील नाशिकहून व्हिजिट व्हिसावर आले. चौतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेले. पंधरा दिवसांत त्यांनी कॉलनीतले सगळे लाइटचे खांब मोजून काढले होते. मुकादम त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "सर, बायकोचा एक पेपर राहिलाय." सर म्हणाले, "आज शुक्रवारच आहे. जुम्म्याच्या नमाजाहून परत या आणि तिला घेऊन या."

मी आणि पानसरे काय, फुकटचे विद्यार्थी. मी प्लांटवर इन्स्पेक्शनमध्ये, पानसरे अमोनियाच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट ऑपरेटर. पुढे वर्ग मुकादमच्याच घरी भरायला लागला, आणि तिथला चहा चांगला असायचा, म्हणून बसायला लागलो.

*

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "दोन विषम संख्यांची बेरीज समच येते. का?"

मी लगेच कागद ओढला. तीन आणि पाच आठ. सात आणि नऊ सोळा. अकरा आणि एकवीस बत्तीस. अशा दहा जोड्या तपासल्या, खाली सही केली आणि म्हणालो, "सर, सगळ्या पास. लॉट ॲक्सेप्टेड!"

"आणि अकरावी जोडी?"

"सर, आमच्याकडे दहा टक्केच सॅम्पलिंग असतं. शंभर पाइप आले की दहा बघायचे."

"असं होय," सर म्हणाले. "एकूण विषम जोड्या किती आहेत हो?"

"अनंत."

"मग त्याचे दहा टक्के काढा. मी तोवर चहा घेतो."

*

शाहिदाची अडचण माझ्या उलट होती. मला काहीच येत नव्हतं, तिला सगळं पाठ होतं. सरांनी एक प्रमेय विचारलं तर तिनं डोळे मिटून न थांबता दीड पान म्हणून दाखवलं. शेवटी म्हणाली, "फिगर तीन पॉइंट दोन पाहा."

सरांनी इकडं तिकडं पाहिलं. "कुठंय फिगर?"

"पुस्तकात आहे, सर."

"आणि परीक्षेत काय केलंस?"

"परीक्षेत पण असंच लिहिलं होतं."

"मग?"

"मग नापास झाले."

आम्ही हसलो, तीही हसली. पण नंतर कप उचलताना मला म्हणाली, "भावजी, पाठ केलं की निदान हातात काहीतरी असतं. समजून घ्यायला गेले आणि समजलंच नाही तर?" माझं सगळं इंजिनियरिंग पाठांतरावरच झालं होतं.

*

त्यावर सरांनी एक नियम काढला. "उघडच आहे" असं ज्याच्या तोंडून निघेल त्यानं उठायचं आणि सगळ्यांना चहा करायचा. सर म्हणायचे, माणूस अडला की उघड आहे म्हणतो. खरंच उघड असलेलं सांगायला दोन ओळी लागतात, त्या लिहा.

पहिल्या महिन्यात मी सात वेळा चहा केला. पानसरेनं चार वेळा. शाहिदानं एकदाही नाही. तिला कुठलीच गोष्ट उघड वाटायची नाही, तीच तर तिची भीती होती!

आणि एका शुक्रवारी सर स्वतःच फळ्यासमोर बोलून गेले, "आता यापुढचं तर काय, उघडच आहे."

मुकादमनं स्वयंपाकघराकडे हात केला.

सर गेले. सत्तरीला आलेला माणूस, जन्मात गॅस पेटवलेला नव्हता. आतून भांड्यांचा आवाज आला. मग हाक आली, "मुकादम, पाणी उकळलं असं नेमकं केव्हा म्हणायचं?"

"बुडबुडे आले की, सर."

"किती?"

त्या दिवशी चहा मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या, अजानेनंतर मिळाला.

*

मुकादम वर्गात नसायचा, पण सोफ्यावर पेपर वाचत असायचा आणि त्याचा कान इकडे असायचा. एकदा सर लिमिट शिकवत होते. समोरचा माणूस कितीही लहान फरक मागू दे, तेवढ्यात आपल्याला बसवून दाखवता आलं पाहिजे. त्या मागितलेल्या फरकाला एप्सिलॉन म्हणायचं. मी विचारलं, "सर, एप्सिलॉन साधारण किती धरू? पॉइंट झीरो वन पुरे ना?"

"पुरे म्हणणारे तुम्ही कोण? मागणार तो. तुम्ही फक्त देणार."

मुकादमनं पेपर खाली केला. "म्हणजे आमच्या स्टोअरला येतो तो इन्स्पेक्टरच की! एक मिलिमीटरचा फरक दाखवला की अर्धा मागतो. अर्धा दाखवला की पाव मागतो."

सर इतके खूश झाले की खडू ठेवून सोफ्यापाशी गेले. "अगदी बरोबर! आणि तो थांबतो कधी?"

"तो नाही थांबत, सर. मी बदलीचा अर्ज दिलाय."

*

सगळ्यात जास्त रखडलो ते उलट्या प्रूफपाशी. दोनचं वर्गमूळ अपूर्णांकात मांडता येत नाही, हे दाखवायचं. त्यासाठी आधी मानायचं की मांडता येतं, आणि मग त्यातून काहीतरी भलतंच निघतं हे दाखवायचं. शाहिदाला ते पटेचना. तीन शुक्रवार गेले. ती म्हणायची, "सर, जे खोटं आहे तेच आधी खरं धरायचं? आणि धरल्यावर परत सोडायचं कसं?" पाठ होतं हो तिला, शब्द न शब्द. पण आता सर पाठ केलेलं चालवून घेत नव्हते, आणि परीक्षेला चार महिने राहिले होते. तिसऱ्या शुक्रवारी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकादम म्हणाला, "अगो, राहूं दे आता. नाय तर नाय." ती त्याच्यावर इतकी चिडली की तो पेपर घेऊन गच्चीवर गेला.

पानसरे तोवर बिस्किटं खात होता. तो नांदेडकडचा. शांतपणे म्हणाला, "वहिनी, ह्यात काय हाय? आपल्या परमिटचं असंच असतंय की."

सर म्हणाले, "कसलं परमिट?"

"कामाचं परमिट. पाइप खोलायच्या आधी घ्यावं लागतंय. मेंटेनन्सवाला येतो अन् म्हनतो, लाइन बंद हाय. आपन काय त्याचं ऐकत नसतो. आपन धरायचं की लाइन चालूच हाय. चालू असली तर ड्रेन उघडला की गॅस यायला पाहिजे. उघडला. आला का? न्हाई आला. मंग चालू न्हाई. खलास!"

शाहिदा त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं वही ओढली आणि पंधरा मिनिटांत वर्गमूळ दोनचं प्रूफ स्वतःच्या शब्दांत लिहून काढलं. पुस्तकातल्यापेक्षा एक ओळ कमी!

सर पानसरेला म्हणाले, "किती वर्षं करताय हे?"

"बारा वर्सं. पर त्याची कदी परीक्षा नव्हती."

एवढ्यात शाहिदा वहीतून मान वर करून म्हणाली, "पण भावजी, ड्रेनच चोंदलेला असला तर?"

पानसरेचं बिस्कीट चहात पडलं. तो सांगतो, दुसऱ्या दिवशी ड्युटीवर त्यानं तीन ड्रेन उघडून बघितले.

*

शंका घ्यायची सवय एकदा लागली की ती फक्त गणितापुरती राहत नाही. माझंच घ्या ना. शटडाउनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद असताना, एका वेल्डचा रिपोर्ट लिहायचा होता. नेहमी आम्ही ‘वेल्ड साउंड’, म्हणजे जोड ठीक, असं लिहून मोकळे होतो. मी लिहिलं, वेल्डमध्ये दोष सापडला नाही, यावरून दोष नाही असं सिद्ध होत नाही.

मॅनेजरनं बोलावलं. गोरा साहेब, दहा दिवस झोप नसलेला. "सो इज इट ओके ऑर नॉट?"

"सर, नो डिफेक्ट हॅज बीन फाउंड."

"देन इट इज ओके."

"दॅट डझन्ट फॉलो, सर."

त्यानं टेबलावरचं कॅलेंडर ओढलं आणि विचारलं, "तुझी किती रजा शिल्लक आहे?"

तेवीस दिवस होती. सगळी मंजूर झाली.

*

मुकादमच्या घरी तर रोजचंच झालं. तो एकदा सहज म्हणाला, "तुझं जेवण कधी म्हणजे कधी वेळेवर नसतं."

शाहिदा म्हणाली, "गेल्या मंगळवारी एक वाजता वाढलं होतं. एक उदाहरण पुरतं. तुमचं विधान पडलं."

मुकादम तसाच चपला घालून सरांकडे आला. "सर, मी हिला गणित शिकवा म्हटलं होतं. वकिली नाही!"

सर म्हणाले, "मंगळवारी वाढलं होतं का पण?"

*

आता शेवटचं सांगतो. सरांचा व्हिसा संपायला दहा-बारा दिवस होते. त्या शुक्रवारी चेन रूलचं प्रूफ होतं. एकात एक गुंतलेल्या दोन फंक्शनांचं डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम. कॉलेजात सगळ्यांनी वापरलेला, परीक्षेत हमखास येणारा. प्रूफ सरांच्या स्वतःच्या नोट्समधलं. या नोट्सच्या झेरॉक्स म्हणे नाशिकपासून कोकणापर्यंतच्या निम्म्या कॉलेजांत चालायच्या. तिसऱ्या ओळीत एका लहानशा फरकानं वर गुणायचं आणि त्याच फरकानं खाली भागायचं, मग सगळं सुटसुटीत होतं. सरांनी सहा ओळींत संपवलं आणि हात झटकले.

शाहिदा उठून आत गेली, चहा घेऊन आली, सगळ्यांना दिला. परत जाऊन रिकामा ट्रे ठेवून आली. मग पदर सारखा करत म्हणाली, "सर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"ही तिसरी ओळ. आपण ज्यानं भागतोय, ते शून्य झालं तर?"

"ते शून्य कशाला होईल?"

"का होणार नाही, सर?"

सरांनी बोलायला तोंड उघडलं. "उघड..." म्हणाले आणि तिथंच थांबले.

मग ते फळ्यापुढे उभे राहिले. आमचे चहा गार झाले. मुकादमनं पेपर घडी घालून ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. चौतीस वर्षं शिकवलेलं प्रूफ, आणि दोनदा नापास झालेली मुलगी त्यात भोक दाखवतेय! मला सरांची फार दया आली, खरं सांगतो.

सर वळले आणि म्हणाले, "एम.एस्सी.ला असताना हे मला माहीत होतं. आमच्या सरांनी मुद्दाम दाखवलं होतं. वर्गात शिकवायला सोपं पडावं म्हणून मी ते पहिल्या वर्षी गाळलं. मग विसरूनच गेलो." खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चौतीस वर्षांत कुणी विचारलं नाही गं."

पुढचे सगळे दिवस शुक्रवार-बिक्रवार न बघता ती दोघं बसली आणि बरोबर प्रूफ लिहून काढलं. सहा ओळींचं दीड पान झालं.

पण निघताना, सामान गाडीत चढवून झाल्यावर, सरांनी शाहिदाला बाजूला घेतलं. मी तिथंच होतो. "हे बघ. परीक्षेत चेन रूल आला तर माझं जुनंच लिहायचं. सहा ओळींचं. तपासणाऱ्याकडे माझ्याच नोट्स असणार. ओळखीचं दिसलं की तो टिक करतो. लांबलचक दिसलं की वाचत नाही, काट मारतो. ही शेवटची संधी आहे. पास हो, मग आयुष्यभर खरं लिही."

"जी, सर," शाहिदा म्हणाली.

*

मार्चमध्ये ती परीक्षेला गेली. परत आल्यावर पेपर कसा गेला विचारलं की "बरा" एवढंच सांगायची. चेन रूल आला होता म्हणाली. वीस मार्कांचा! आम्ही म्हटलं, चला, वीस तर खिशात. मुकादम रोज इन्शाल्ला म्हणायचा आणि रोज थोडा बारीक व्हायचा.

जूनमधल्या एका शुक्रवारी तिच्या भावाचा खेडहून फोन आला. मार्कशीट हातात आली होती. पास व्हायला पस्तीस लागत होते. शाहिदाला अडतीस.

मुकादमनं आम्हाला बोलावलं, शेजारून खिऱ्यांना बोलावलं, पेढे नव्हते तर खजुराचा डबाच फिरवला. पानसरे तर नाचायचाच बाकी होता. शाहिदा भिंतीला टेकून उभी होती, हसतही होती आणि ओढणीनं डोळेही पुसत होती. लगेच नाशिकला फोन लावला. सरांना कमी ऐकू यायचं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"पास!" मुकादम ओरडला. "अडतीस, सर!"

सरांना आनंद झाला, पण मास्तरच ते. "अडतीस? कसं शक्य आहे? निघण्याआधी मी तिच्याकडून सगळं करून घेतलं होतं. साठाच्या खाली यायलाच नको. शाहिदा, तू आहेस का तिथं? चेन रूल आला होता?"

"आला होता, सर."

"कुठलं लिहिलंस? जुनंच ना?"

"जुनंच, सर. सहा ओळींचं, पूर्ण."

"शाब्बास."

"मग खाली रेघ मारली आणि लिहिलं, ‘वरचं प्रूफ चूक आहे, तिसरी ओळ बघा.’ आणि त्याखाली बरोबर केलेलं लिहिलं. दीड पान."

मुकादमच्या हातात खजूर होता, तो तसाच राहिला. फोनमधून सरांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता.

"वेळ पुरला?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. शेवटचा प्रश्न राहिला."

"येत नव्हता?"

"येत होता, सर."